‘आता रुळली’

जेम्स रॉबर्टसनच्या १९५२ च्या ‘अ टू-इयर-ओल्ड गोज टु हॉस्पिटल’ या फिल्ममध्ये भिंतीवरचं घड्याळ अधूनमधून दिसत राहतं. ते मुद्दाम चौकटीत घेतलेलं आहे. कॅमेरा रोज ठरलेल्या वेळी सुरू करायचा आणि ठरलेल्या वेळी बंद करायचा, मग मूल रडत असो, खेळत असो की नुसतं छताकडे बघत पडलेलं असो. रडण्याचे तेवढे तुकडे वेचून जोडले असं उद्या कोणी म्हणू नये, म्हणून ही तजवीज. लोक तरी म्हणालेच, पण ते पुढे येईल.

मुलीचं फिल्ममधलं नाव लॉरा. वय दोन वर्षं पाच महिने. बेंबीच्या हर्नियाचं साधं ऑपरेशन, त्यासाठी लंडनमधल्या एका हॉस्पिटलात आठ दिवसांचा मुक्काम. ऑपरेशन नीट झालं, मुलगी बरी होऊन घरी गेली. डॉक्टरी नजरेनं पाहिलं तर यात प्रकरण म्हणावं असं काहीच नाही. मात्र अटॅचमेंट थिअरी माणसांच्या कामात आणि घरात कशी उतरते, किंवा का उतरत नाही, हे समजून सांगायची वेळ आली की मी दरवेळी याच आठ दिवसांकडे वळते. समोर वॉर्डातल्या सिस्टर असोत, पाळणाघरातल्या ताई असोत किंवा नुसते दमलेले आईबाबा असोत.

‘अटॅचमेंट’ला पुस्तकात ‘आसक्ती’ किंवा ‘अनुबंध’ म्हणतात. मला आपला ‘लळा’ हा शब्द जास्त जवळचा वाटतो, पण त्यात एक गफलत आहे. लळा म्हटलं की नुसती माया डोळ्यांसमोर येते. थिअरीचं म्हणणं जरा वेगळं आहे. भीती वाटली, दुखलं, अनोळखी ठिकाणी सापडलो, की लहान मूल एका ठरावीक माणसाकडे धाव घेतं, आणि तो माणूस जवळ असला की पुन्हा खेळायला लागतं. ते माणूस नाहीसं झालं तर मूल काय करतं, हा लॉराच्या प्रकरणाचा विषय.

वॉर्डाचे नियम

त्या काळी मुलांच्या वॉर्डात आईबापांना येऊ देत नसत, किंवा अगदी मोजूनमापून येऊ देत. लंडनमधल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या भेटीच्या वेळांची एक यादी १९४९ साली छापून आली होती. गायज हॉस्पिटलात फक्त रविवारी, दुपारी दोन ते चार. सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेटच नाही; संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान झोपलेलं मूल बघून परत जायचं. लंडन हॉस्पिटलात तीन वर्षांखालच्या मुलांना भेटता येत नसे, आडोशापलीकडून पाहता येई.

हे नियम करणारी माणसं दुष्ट नव्हती, हे मी वर्गात आधीच सांगून टाकते, नाहीतर सगळा वेळ त्यांना नावं ठेवण्यात जातो. संसर्गाची भीती खरी होती. बाहेरून आलेल्या माणसाबरोबर गोवर, घटसर्प किंवा डांग्या खोकला वॉर्डात शिरला तर काय होतं, हे त्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. सिस्टरांच्या हातात कामं ढीगभर आणि वेळ थोडा. पण या दोन्हींपेक्षा पक्कं कारण तिसरंच होतं, आणि ते अनुभवावर उभं होतं. आई येऊन गेली की मूल आकांत करतं. आई आली नाही तर दोन-चार दिवसांत गप्प होतं, जेवतं, औषध घेतं, समोर येईल त्या सिस्टरकडे बघून हसतंही. मग आईचं येणंच मुलाला बाधतं, हे उघड नाही का?

या युक्तिवादात निरीक्षण खोटं नाही. मूल खरंच गप्प होई. चुकलं ते त्या गप्प होण्याचा अर्थ लावण्यात. हाच युक्तिवाद पाळणाघराच्या दारात आजही ऐकू येतो: ‘तुम्ही गुपचूप निघा, तुम्हाला बघितलं की जास्त रडतो.’

कार्डांवर नोंदी लिहिणारा माणूस

जेम्स रॉबर्टसन ग्लासगोजवळच्या कामगार वस्तीत वाढलेला. दुसऱ्या महायुद्धात त्यानं सदसद्विवेकाचं कारण देऊन शस्त्र धरायला नकार दिला. लहान मुलांच्या मनोविश्लेषक अॅना फ्रॉइड लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धामुळे घरापासून तुटलेल्या मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवत होत्या. तिथे त्याची बायको जॉइस मुलांचं बघायची आणि तो बॉयलर, दुरुस्त्या, असली पडेल ती कामं करायचा. त्या संस्थेत एक शिस्त होती. पगार कशाचाही असो, प्रत्येकानं मुलांविषयी जे दिसेल ते कार्डावर लिहायचं, आणि दर आठवड्याला त्या कार्डांवर चर्चा व्हायची. बॉयलरवाल्यानंही लिहायचं. मला ही तपशिलातली गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पुढे जे घडलं त्याचं मूळ एखाद्या विचारापेक्षा या सवयीत आहे.

१९४८ मध्ये तो लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिक या मानसोपचार केंद्रात जॉन बोल्बीच्या हाताखाली लागला. अटॅचमेंट थिअरी पुढे मांडली ती याच बोल्बीनं. काम एकच: हॉस्पिटलात ठेवलेल्या लहान मुलांकडे बघायचं आणि लिहायचं. पहिल्याच वॉर्डात जे दिसलं त्यानं तो हादरला. पाच वर्षांची मुलं कशीबशी तगून जात होती. दोन-तीन वर्षांच्यांचं तसं नव्हतं. महिन्यांमागून महिने नोंदी करून त्यानं तीन टप्पे मांडले. पुस्तकात त्यांना निषेध, नैराश्य आणि अलिप्तता म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी मूल आकांत करतं, मग मिटून जातं आणि शेवटी पाठ फिरवतं.

वॉर्डात या तिसऱ्या टप्प्याला वेगळं नाव होतं. ‘आता रुळली.’

रॉबर्टसननं सांगून पाहिलं. डॉक्टरांना सांगितलं, सिस्टरांना सांगितलं. कोणाला पटेना. हा ना डॉक्टर, ना वॉर्डातला अनुभवी माणूस. शिवाय ज्यांना सांगत होता ती माणसं रोज त्याच मुलांमध्ये वावरत होती. डोळ्यांसमोरची गोष्ट बाहेरच्यानं येऊन सांगितली की माणूस चिडतो. तेव्हा त्यानं ठरवलं की आता सांगायचं नाही, दाखवायचं. सिने-कॅमेरा त्यानं आधी कधी चालवलेला नव्हता.

आठ दिवस

बोल्बीनं एक अट घातली, आणि ती घातली नसती तर हे प्रकरण केव्हाच विसरलं गेलं असतं. मूल निवडायचं नाही. भरती होणाऱ्यांच्या यादीतून चिठ्ठी काढावी तसं एक नाव काढायचं, आणि रोज ठरलेल्या वेळीच चित्रण करायचं. म्हणून ते घड्याळ.

नाव निघालं ते नेमकं अशा मुलीचं जी वयाच्या मानानं विलक्षण सोशीक होती. हिच्या चेहऱ्यावर काही दिसेल की नाही अशीच शंका येण्यासारखी परिस्थिती. पण झालं ते उलटंच. रडून गोंधळ घालणारं मूल निघालं असतं तर ‘हट्टी कार्टी’ म्हणून विषय संपला असता.

दाखल झाल्यावर एक सिस्टर लॉराला आंघोळीला नेते. तोवर ती बोलते आहे, हसते आहे. कपडे उतरवले जातात, आई कुठेच दिसत नाही, आणि एकदम किंचाळत ती उघडीच दाराकडे धावते. दहा-एक मिनिटांत सगळं शांत. इतक्या लवकर शांत होणारं दोन वर्षांचं मूल पाहून वर्गातल्या निम्म्या लोकांना बरं वाटतं. ‘बघा, सावरली की.’ मी काही बोलत नाही, फिल्म पुढे जाऊ देते.

पुढचे दिवस ती आपलं मऊ अस्वल आणि गोधडी छातीशी धरून पडलेली असते. चेहरा कोरा. अधूनमधून, जणू सहज, विचारते की आई कुठे आहे. आवाज चढवत नाही. उत्तराची फारशी वाटही पाहत नाही. पण तिच्याशी खेळायला एक परिचारिका ठरावीक वेळी येते, आणि एरवी कोऱ्या असलेल्या त्या चेहऱ्याचा बांध नेमका तेव्हा फुटतो. कोणी मायेनं जवळ बसलं की रडू येतं. एकटी असली की येत नाही. इथे मी फिल्म थांबवते. ‘भेटीनंतर रडतं म्हणून भेट वाईट’ या युक्तिवादाचं उत्तर या दोन मिनिटांत आहे. रडं आईनं आणलेलं नसतं, ते आधीपासून आत असतं. ते बाहेर काढता येईल असं माणूस समोर आलं की ते बाहेर येतं.

आई भेटायला येते तेव्हा लॉरा झेप घेत नाही. नजर वळवते. जसजसे दिवस जातात तसतसा तिला आईशी पुन्हा मोकळं व्हायला जास्त वेळ लागतो. आणि आठव्या दिवशी घरी जायला निघताना, सगळं अंगावर चढवून झालेलं असताना, आई हात पुढे करते. लॉरा तो धरत नाही. आईच्या बाजूनं चालत जाते, पण हात देत नाही.

मी वर्गात विचारते, काय दिसलं? उत्तरं दरवेळी तीच तीन-चार असतात. रागावली आहे. हट्टी आहे. एकदा एक ताई म्हणाली, ‘हॉस्पिटलात राहून स्वावलंबी झाली.’ लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण कित्येक वर्षं मीही जवळजवळ हेच म्हणत होते. पाळणाघरात मूल सोडायला आलेल्या आईबाबांना मी स्वतः सल्ला दिलेला आहे: मागे वळून बघू नका, तीन दिवसांत रुळेल. आणि चौथ्या दिवशी मूल खरंच रडेनासं झालं की मी तो माझ्या सल्ल्याचा गुण मानत असे.

सभागृहात

नोव्हेंबर १९५२ मध्ये ही फिल्म लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखवली गेली. समोर बालरोगतज्ज्ञ आणि हॉस्पिटलांतली मंडळी. प्रतिक्रिया रागाच्या होत्या. हा आमच्या पेशाचा अपमान आहे. ही मुलगी प्रातिनिधिक नाही. चित्रण निवडून जोडलेलं आहे. आमच्या वॉर्डात असं होत नाही. फिल्म मागे घ्या, इथपर्यंत मागणी गेली.

घड्याळ भिंतीवरच होतं. त्याचा तिथे फारसा उपयोग झाला नाही.

पण त्या सभागृहात डर्मॉड मॅकार्थी नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. तेही चिडूनच बाहेर पडले. मात्र आपल्या अॅमर्शमच्या वॉर्डात परत गेल्यावर त्यांना फिल्ममधली मुलं तिथे दिसायला लागली. तीच खाटेतली शांतता, तेच चेहरे. त्यांनी तोवर ते पाहिलं नव्हतं असं नाही, त्याचं नाव वेगळं होतं इतकंच. त्यांनी वॉर्ड आईबापांना उघडा केला. १९५८ साली रॉबर्टसननं दुसरी फिल्म केली ती याच हॉस्पिटलात. या वेळी मूल वीस महिन्यांचं आणि आई सोबत मुक्कामाला. ते मूलही रडतं, चिडतं, पण मिटत नाही.

मॅकार्थींना जे जमलं ते बाकीच्यांना का जमलं नसावं? माझ्या मते याचं उत्तर अटॅचमेंटच्या पुस्तकात सापडत नाही, ते शेजारच्या खोलीत सापडतं. त्याच टॅव्हिस्टॉकच्या मनोविश्लेषक इझाबेल मेंझीस यांनी १९५० च्या दशकात लंडनच्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या परिचारिकांच्या कामाचा अभ्यास केला. काम अशा रीतीनं वाटलेलं होतं की एक परिचारिका एका रुग्णापाशी फार वेळ राहूच नये. एकीनं सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीनं सगळ्यांच्या चादरी बदलायच्या. शिकाऊ मुलींची बदली एका वॉर्डातून दुसऱ्यात सतत. मेंझीस म्हणाल्या की ही व्यवस्था नुसती सोयीसाठी नाही. दुखणं आणि मरण रोज जवळून बघणाऱ्यांना त्याची झळ कमी लागावी म्हणून ती संस्थेनं नकळत उभी केलेली ढाल आहे.

आता याच ढालीमागे लॉराला ठेवून बघा. आठ दिवसांत कितीतरी हात तिला लागले, पण एकही तिचा नव्हता. आणि हातांच्या मालकिणींनाही तिचं काही लागू नये अशीच रचना होती. अशा माणसांना ‘मुलाला आईची गरज असते’ असं व्याख्यान देऊन काय होणार? ती गरज पाहिली तर ती सोसावी लागते, आणि सोसायला त्यांच्यामागे कोणी उभं नसतं. प्रशिक्षणं फसतात ती बहुतेक इथेच. आपण कर्मचाऱ्यांना मुलांविषयी चार गोष्टी शिकवतो आणि पाळी, बदल्या, माणसांची संख्या आहे तशीच ठेवतो.

थिअरी मागून आली

एक गोष्ट सहसा उलटी सांगितली जाते. आधी थिअरी झाली आणि मग तिचा प्रसार झाला, असं नाही. १९५२ मध्ये थिअरी नव्हतीच. बोल्बीचा जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला अहवाल १९५१ चा. आईपासून तुटलेल्या मुलांचं काय होतं याचा पुरावा त्यात गोळा केलेला होता, पण असं का होतं याची फोड नव्हती. ती प्राणिशास्त्रातून हळूहळू आली, १९५८ च्या निबंधात आकाराला आली, आणि बोल्बीच्या तीन खंडांच्या ग्रंथातला पहिला खंड १९६९ मध्ये निघाला. लॉराचा न दिलेला हात आधीचा आहे.

तो हात पुढे प्रयोगशाळेत पोचला तो मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्यामुळे. १९५० मध्ये त्या टॅव्हिस्टॉकमध्ये आल्या आणि रॉबर्टसनच्या नोंदी तपासण्याचं काम त्यांच्याकडे आलं. नुसतं बघून किती कळू शकतं, याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. मग १९५४-५५ मध्ये युगांडात घराघरांत जाऊन बाळं पाहिली, पुढे अमेरिकेत बॉल्टिमोरला, आणि तिथेच वीसेक मिनिटांची ‘स्ट्रेंज सिच्युएशन’ ही पद्धत तयार झाली. अनोळखी खोली, खेळणी, आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. सगळ्यांचं लक्ष आई गेल्यावर मूल किती रडतं याकडे जातं. एन्सवर्थ यांचं लक्ष आई परत आल्यावर ते काय करतं याकडे होतं.

काही बाळं आईकडे धाव घेतात, बिलगतात आणि थोड्या वेळानं पुन्हा खेळायला लागतात. काही बिलगतातही आणि ढकलतातही. आणि काही बाळं आई आली तरी वर बघत नाहीत, खेळणी हलवत राहतात. ही तिसरी बाळं बाहेरून सगळ्यात शहाणी दिसतात. १९७७ मध्ये स्रूफ आणि वॉटर्स या दोघांनी बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा कळलं की या शांत बाळांच्या छातीतही धडधड वाढलेलीच असते.

हे वाचलं की लोकांना लगेच लॉरावर शिक्का मारावासा वाटतो. तो मारायचा नाही. तिचं वागणं हे आठ दिवसांच्या ताटातुटीनंतरचं वागणं आहे, तो तिचा ‘प्रकार’ नव्हे. वीस मिनिटांची ती पद्धत संशोधनात गटागटांची तुलना करायला आहे. एका मुलाचं निदान करायला किंवा ताबा कोणाकडे द्यावा हे ठरवायला ती बनलेली नाही. २०२१ मध्ये या क्षेत्रातल्या ७० संशोधकांनी मिळून एक निवेदन काढलं ते याचसाठी, कारण न्यायालयांत ‘या मुलाचं अटॅचमेंट अमुक प्रकारचं’ असं बिनदिक्कत लिहिलं जात होतं. समुपदेशकांच्या अहवालांत मी स्वतः असे शब्द पाहिले आहेत, अर्ध्या तासाच्या भेटीनंतर लिहिलेले.

रॉबर्टसन स्वतःलाच दुरुस्त करतो

हॉस्पिटलातल्या मुलांच्या हिताचा विचार करायला ब्रिटनमध्ये नेमलेल्या प्लॅट समितीचा अहवाल १९५९ मध्ये आला. समितीचे अध्यक्ष सर हॅरी प्लॅट हे हाडांचे सर्जन. भेटीवरची बंधनं काढा, लहान मुलांबरोबर आईला राहू द्या, अशा शिफारशी त्यात होत्या. कागदावर सगळं जमलं. वॉर्डात मात्र वर्षानुवर्षं जुनंच चालू राहिलं. १९६१ मध्ये रॉबर्टसननं आपलं चित्रण टेलिव्हिजनवर दाखवलं आणि पालकांनीच संघटना काढून हॉस्पिटलांची दारं ठोठावायला सुरुवात केली, तेव्हा कुठे गाडी हलली. तज्ज्ञांपुढे केलेल्या दहा वर्षांच्या मांडणीपेक्षा दारात उभ्या राहिलेल्या आयांनी जास्त काम केलं, असं मी म्हणेन.

पण मला या माणसाविषयी आदर वाटतो तो पुढच्या कामासाठी. १९६० च्या दशकाच्या शेवटाकडे जेम्स आणि जॉइसनं एक वेगळीच गोष्ट केली. ज्यांची आई काही दिवसांसाठी हॉस्पिटलात जाणार होती अशी चार लहान मुलं त्यांनी, एका वेळी एक, स्वतःच्या घरी सांभाळली. मुलाची आधी ओळख करून घेतली. त्याच्या सवयी जशाच्या तशा ठेवल्या. आईविषयी बोलत राहिले, तिचा फोटो जवळ ठेवला, वडिलांना येऊ दिलं. पूर्ण वेळ जॉइस एकटीच सांभाळणारी. मुलं कष्टी झाली, चिडचिडी झाली, पण लॉरासारखी मिटली नाहीत.

त्याच सुमारास त्यांनी पाचव्या मुलाचं चित्रण केलं, जॉन, वय सतरा महिने. आई बाळंतपणाला गेलेली आणि तो नऊ दिवस एका निवासी पाळणाघरात. तिथल्या मुली प्रेमळ होत्या, हे फिल्ममध्ये स्वच्छ दिसतं. पण पाळी बदलली की माणूस बदलायचं. जॉन एकीकडे जातो, तिचं लक्ष दुसरीकडे जातं. दुसरीकडे जातो, तिची सुट्टी होते. असे एकामागून एक प्रयत्न करून तो शेवटी सोडून देतो. आई न्यायला येते तेव्हा तो किंचाळतो आणि तिच्याकडे जायला तयार होत नाही.

पाचही मुलांची आई दूर होती. फरक पडला तो एका ठरलेल्या माणसानं. यावरून बोल्बी आणि रॉबर्टसन यांच्यात मतभेदही झाले, कारण ताटातूट म्हटली की तिसऱ्या टप्प्यापर्यंत घसरण ठरलेलीच, ही कल्पना यानं ढिली पडत होती. मधल्या काळात बोल्बीच्या १९५१ च्या अहवालाचा आधार घेऊन ‘आईनं घर सोडून कामाला जाऊच नये’ असं बजावणाऱ्यांची काही कमी नव्हती, आणि अहवालाची भाषाही त्यांना सोयीची होती, हे कबूल केलं पाहिजे. बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये त्या मांडणीची कठोर उलटतपासणी केली. ‘आईचा अभाव’ या एका नावाखाली किती निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत आणि लळा एकट्या आईचाच लागतो असं नाही, हे त्यांनी दाखवलं. थिअरीचं त्यानं नुकसान झालं नाही. ती वापरण्याजोगी झाली.

पाळणाघराच्या दारात आणि घरात

हे सगळं ऐकून झाल्यावर लोक विचारतात, बरं, मग आम्ही करायचं काय? मी लांबलचक काही सांगत नाही. प्रत्येक मुलामागे एक नाव लिहा म्हणते. सकाळी त्याला हातात कोण घेणार, पडलं तर ते कोणाकडे धावणार, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर दुसरी कोण. एका पाळणाघरात हे करायला घेतलं तेव्हा पहिला आठवडा गोंगाट वाढला. आधी चुपचाप बसणारी दोन-तीन मुलं रडायला लागली. चालकांचा मला फोन आला की तुमच्या थिअरीनं मुलं बिघडली. मी जाऊन बसले. दाराजवळच्या कोपऱ्यात एक दीड वर्षांचा मुलगा दोन महिने रोज एकच गाडी पुढे-मागे करत बसायचा. त्याला सगळे ‘आमचं शहाणं बाळ’ म्हणत. त्या दिवशी त्याची ताई पाणी आणायला उठली तर तो तिच्या ओढणीचं टोक धरून मागे गेला, आणि दार लागल्यावर तिथेच भोकाड पसरलं. ती परत आल्यावर तिच्या कडेवर चढून दोन मिनिटांत गप्प झाला आणि गाडी सोडून दुसऱ्या मुलांकडे बघायला लागला. गाडीकडे त्यानं नंतर ढुंकूनही पाहिलं नाही.

ती ताई मात्र थकली होती. ‘आधी तो कोणाचाच नव्हता, आता माझा आहे,’ ती म्हणाली, आणि तिला हे कौतुक म्हणून म्हणायचं नव्हतं. तिच्या जेवणाच्या सुट्टीत कोण बसेल, हा प्रश्न सोडवायला आम्हाला तीन आठवडे लागले. थिअरीतला अवघड भाग तो आहे.

निघताना मुलाला सांगून निघायचं, हे पालकांना पटवणं सगळ्यात कठीण जातं. गुपचूप निघालं की तेव्हा रडणं ऐकू येत नाही, म्हणून सोपं वाटतं. पण त्या मुलाला यातून एवढंच कळतं की हे माणूस केव्हाही, न सांगता, नाहीसं होऊ शकतं. मग ते घरीही स्वयंपाकघरापर्यंत पाठ सोडत नाही. आई म्हणते, फार चिकटू झालाय. आजी म्हणते, लाडावलाय. मूल हॉस्पिटलातून किंवा लांबच्या मुक्कामातून परत आल्यावरही हेच होतं: आधी अनोळख्यासारखं वागणं, नंतर रात्री दचकून उठणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, क्षणभर दूर जाऊ न देणं. घरच्यांना वाटतं बिघडलं. खरं म्हणजे मूल तिसऱ्या टप्प्यावरून उलटं चालत परत येत असतं, आणि वाटेत त्याला तो सगळा आकांत पुन्हा करावा लागतो. त्या काळात ओरडलं, ‘मोठा झालास आता’ म्हणून दूर सारलं, तर ते पुन्हा शहाणं होतं. एका वडिलांनी मला विचारलं होतं, ‘किती दिवस असं चिकटून घ्यायचं?’ मला आकडा देता आला नाही. तेच सोडेल, इतकंच सांगता आलं.

लॉराच्या घरी काय झालं, हे बोल्बीनं नोंदवून ठेवलं आहे. हॉस्पिटलातून येऊन काही महिने झाले होते. ती पूर्ववत दिसत होती. एका रात्री तिच्या आईवडिलांना ती फिल्म दाखवली जात होती, लॉरा झोपली आहे असं समजून. ती उठून कोणाच्या लक्षात न येता आत आली आणि तिनं शेवटची काही मिनिटं पाहिली. दिवे लागले तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. रागानं तिनं आईला विचारलं की एवढे दिवस तू होतीस कुठे, कुठे होतीस तू? मग ती मोठ्यानं रडायला लागली, आणि रडत रडत वडिलांकडे वळली.